पालथं कार्ड

"मिळत नाही" असं माझ्यासमोर कोणी म्हणालं, की मी आधी त्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघून घेतो. पार्ट मिळत नाही, कार्ड मिळत नाही, माणूस मिळत नाही. चाकणला प्रेसशॉपच्या मेंटेनन्समध्ये माझी अर्धी नोकरी गेली आणि हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा वापरलंय, की ते माझ्या ओळखपत्रावर छापलं असतं तरी चाललं असतं. फार सोयीचं वाक्य आहे. एकदा म्हटलं की माणूस चहा प्यायला मोकळा. पण सुलभा वाघमारे भेटल्या आणि या वाक्याची चव गेली. पहिल्याच भेटीत, दारातच उभं करून त्यांनी मला विचारलं होतं, "मिळत नाही, की कोणी देत नाही? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी नक्की करा, मग आत या."

आत यायला तशी जागा नव्हतीच. तळवड्याच्या एका मोठ्या शेडमध्ये लेथवाला आणि पावडर कोटिंगवाला यांच्या मधोमध पत्र्याचं पार्टिशन टाकून काढलेली ती खोली. दारावर नाव नाही, काही नाही. लेथवाल्याला पत्ता विचारला तर तो म्हणाला, "दाताच्या डॉक्टरकडं येतो तसला आवाज येतोय ना राव? त्या आवाजामागं जा." गेलो. पन्नाशीच्या, शिडशिडीत, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई टेबलाएवढ्या मशीनवर वाकल्या होत्या. नाकातोंडावर मास्क, हातात व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप आणि अंगात निळा एप्रन, तोही उलटा घातलेला. शिवण बाहेर, खिसे आत. मला वाटलं घाईत घातला असेल. नंतर कळलं की त्या रोज तो तसाच घालायच्या. ज्या कंपनीत त्यांनी एकोणीस वर्षं सोल्डरिंग केलं, तिचं नाव त्या एप्रनच्या छातीवर भरलेलं होतं. "कापड माझ्या घामाचं आहे, नाव त्यांचं आहे," एवढंच स्पष्टीकरण. टाकून द्यायचा नाही आणि मिरवायचाही नाही, असा तो एप्रन.

त्यांचं काम सर्किट बोर्डांचं. कुठल्याही मशीनच्या पॅनेलमध्ये तांब्याच्या बारीक रेघांची जी हिरवी कार्डं असतात, ती मोठ्या कारखान्यांत रसायनात बुडवून हजारांनी बनतात. ताई ती एक-एक करून बनवायच्या आणि रसायनाशिवाय. तांब्याचा पातळ थर दिलेला एक कोरा बोर्ड घ्यायचा, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने तो मशीनच्या बेडवर पक्का बसवायचा आणि कॉम्प्युटरवर काढलेल्या नकाशाप्रमाणे सुईसारख्या टोकाचा बिट त्यावरून फिरवायचा. बिट फिरेल तिथलं तांबं निघून जातं, उरतात त्या रेघा. मग त्याच मशीनवर भोकं पाडायची, कडा कापायच्या, की कार्ड तयार. बाजारात त्या कोऱ्या बोर्डाला कॉपर क्लॅड म्हणतात. ताई पाटी म्हणायच्या. "उद्या सकाळी दोन पाट्या कोरायच्यात, तुमचं परवा."

मशीन मूळचं या कामाचं नव्हतंच. पिंपरी कॅम्पात एक जण त्यावर दारावरच्या नावांच्या पाट्या कोरून द्यायचा. त्याने दुकान आवरलं तेव्हा ताईंनी ते उचललं. बिट फिरवणारं स्पिंडल बदललं, स्क्रू बदलले, बेड मात्र जुनाच ठेवला. त्या लाकडी बेडवर बिट खोल गेल्याच्या खुणा होत्या. वाकून पाहिलं तर एक 'निवास' आणि अर्धी 'कृपा' वाचता यायची. "एवढ्या लोकांची नावं कोरली हिने," ताई म्हणायच्या, "आता जरा बिननावाचं काम करू दे." मशीनला त्या 'ही' म्हणत, आणि मशीनबद्दल कोणी वाकडं बोललेलं त्यांना खपायचं नाही.

पाटी कधी अगदी सपाट नसते. कुठे केसभर वर, कुठे केसभर खाली, आणि तेवढ्यानेही रेघ तुटते किंवा अर्धवट कापली जाते. म्हणून कोरण्याआधी 'ही' सुई टेकवत टेकवत सगळ्या पाटीची उंची मोजून घ्यायची. त्या पंधरा-वीस मिनिटांत ताई चहा प्यायच्या आणि कोणाशी अक्षर बोलायच्या नाहीत. मी एकदा तोंड उघडलं तर त्यांनी बोट वर केलं. "ती मोजतेय." जणू आत कोणी परीक्षेला बसलंय. खिडकीत एक काचेची बरणी होती, तिच्यात मोडलेले बिट भरलेले आणि वर चिठ्ठी चिकटवलेली, 'शिकवणी'. बरणी निम्म्याच्या वर भरली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

आणखी एक शब्द सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोर्डाला दोन बाजू. सुटे भाग बसतात ती वरची, तांब्याच्या रेघा असतात ती खालची. इंजिनियर लोक टॉप आणि बॉटम म्हणतात. ताई उताणं आणि पालथं म्हणायच्या. या कामातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मूर्ख चूक इथेच होते. रेघा बघायच्या खालून आणि भाग बसवायचे वरून; म्हणून नकाशा मध्ये एकदा उलटवावा लागतो. तो उलटवायचा राहिला, किंवा चुकून दोनदा उलटवला, की कार्ड आरशातलं निघतं. तंतोतंत आणि निरुपयोगी. त्यामुळे समोरच्या भिंतीवर, निळ्या कोटातल्या फोटोखाली, त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं, 'उताणं की पालथं?' येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं बाई कुठल्या तरी लहान बाळाची काळजी करतायत.

मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मॅडम म्हटलं की समोरचा काम सांगायचं सोडून खुर्ची पुसायला लागतो." म्हणून ताई. लेथवाला ताई म्हणायचा, मी ताई म्हणायला लागलो. एकदा एका इंजिनियरिंग कॉलेजने त्यांना मशीन दाखवायला बोलावलं. मशीन उचलायला माणूस हवा म्हणून मीही गेलो. प्राध्यापकांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आज आपल्यात अशा एक भगिनी आहेत, की ज्यांनी दहावीच शिकलेल्या असूनही, परिस्थिती बेताची असूनही आणि एक स्त्री असूनही..." पुढचं वाक्य व्हायच्या आत ताई उभ्या राहिल्या. "सर, एक मिनिट. आयटीआय आहे माझं, इलेक्ट्रॉनिक्स, पहिल्या वर्गात. तेव्हा पहिलं 'असूनही' चुकलं. परिस्थितीचं तुम्हाला माहीत नाही, मी सांगितलेली नाही. आणि तिसऱ्या 'असूनही'चं काय करायचं, ते या पुढच्या बाकांवरच्या मुलींना विचारा." पुढच्या बाकांवरच्या मुलींनी ते टाळ्या वाजवून सांगितलं. प्राध्यापक बिचारे भले गृहस्थ होते, ते पुढचा तासभर टेप कापून द्यायला उभे राहिले.

म्हणजे बाई नुसत्या फटकळ होत्या असं नाही. एकदा माणहून, आयटी पार्काकडचा एक इंजिनियर आला. त्याला केसासारख्या बारीक रेघांचा बोर्ड हवा होता. ताईंनी नकाशा पाहिला आणि सरळ सांगितलं, "हे हिच्याने होणार नाही. बाहेर पाठवा." तो उठला तेव्हा त्यालाच परत बसवलं. "पण पाठवायच्या आधी यातलं निम्मं, जाड रेघांचं, इथे करून बघा. चूक असली तर आज दुपारी कळेल. बाहेरून करून आणलंत तर महिन्याने कळेल." चूक निघाली, त्याच दुपारी, जेवायच्या आत. पुढे तो प्रत्येक कामाआधी येऊन एक पाटी कोरून न्यायचा. 'होत नाही' हे ताई म्हणायच्या; फक्त ते त्यांचं शेवटचं वाक्य असायचं, पहिलं नाही.

खंडेनवमीला सगळी शेड झेंडूने भरून जायची. लेथवाला दरवर्षी मोठ्या प्रेमाने एक हार जास्तीचा आणून ताईंच्या मशीनला घालायला यायचा आणि ताई दरवर्षी त्याला दारात अडवायच्या. "हार नको रे बाबा. पाकळी स्क्रूत गेली की माझी रेघ वाकडी. त्यापेक्षा बोटभर ग्रीस दे." लेथवाला खरोखर ग्रीसचा डबा घेऊन यायचा. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्या मशीन झाकून ठेवायच्या आणि पांढरी साडी नेसून देहूरोडला विहारात जायच्या. तिथेच त्यांचं घर, तिथेच त्यांचे वडील कामगार होते.

हे सगळं मी पुढच्या काळात पाहिलं. पण पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो तो आमच्या तीन नंबरच्या लाइनसाठी.

तीन नंबरची लाइन म्हणजे जुने प्रेस. एका बाजूने पत्र्याची गुंडाळी आत जायची, दुसऱ्या बाजूने दाबून कापलेले भाग बाहेर पडायचे. प्रत्येक ठोक्याला पत्रा नेमका तेवढाच पुढे सरकवायचा, हे फीडरचं काम. आणि फीडरचं डोकं म्हणजे एक कार्ड. एका सकाळी ते कार्ड जळालं आणि लाइन उभी राहिली. कार्ड बनवणारी कंपनी परदेशातली, केव्हाच बंद पडलेली. आमचे प्लँटहेड नवे होते आणि त्यांना ती लाइन तशीही काढायचीच होती. त्यांनी माझ्याकडून फाइलवर लिहून घेतलं की कार्ड मिळत नाही. मी लिहून दिलं. लाइनवर बावीस माणसं होती, बहुतेक पन्नाशीपुढची. लाइन भंगारात गेली की त्यांनाही घरी पाठवणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

पहिल्या प्रेसवर भोंडवेअण्णा होते. इथल्याच गावातले, तीस वर्षं त्याच मशीनवर उभे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. ते माझ्या टेबलापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "कदमसाहेब, कार्ड मिळत न्हाई म्हनून तुमी लिवून दिलं म्हनं. तुमी हुडकलं व्हतं व्हय?"

मी हुडकलं नव्हतं. त्या संध्याकाळी चार जणांना विचारलं, त्यातल्या एकाने ताईंचं नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मी तळवड्याला त्यांच्या दारात उभा राहिलो.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "लाइनवर किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"बावीस."

"आम्ही चौदा होतो. सगळ्या बायका, सोल्डरिंगच्या. आम्हालाही हेच सांगितलं, मशीनचं कार्ड मिळत नाही. आम्ही माना डोलावल्या, सह्या केल्या, घरी गेलो. महिन्याने तेच मशीन त्यांच्याच दुसऱ्या कारखान्यात चालू झालं, दुसऱ्या राज्यात. कार्डासकट." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तेव्हा मला बनवता येत नव्हतं. आता येतं. घेऊन या ते जळकं."

जळकं कार्ड बाहेर न्यायचं तर गेटपास हवा, आणि गेटपासवर प्लँटहेडची सही. सही मिळाली नाही. मग मी ताईंनाच आत आणलं. गेटवरच्या रजिस्टरात 'सर्व्हिस इंजिनियर' असं लिहिलं. आयुष्यात केलेल्या धाडसांत ते माझं मोठंच म्हणायचं. दिवसभर ताई पॅनेलसमोर एका उलट्या क्रेटवर बसल्या. मीटरच्या दोन सुया कार्डावर टेकवायच्या, बीप आलं की वहीत लिहायचं, कुठून कुठे जोडलंय. संध्याकाळपर्यंत वही भरली. राहिला तो जळालेला कोपरा. ठोक्यांमधली वेळ सांभाळणारा तोच भाग, आणि तिथे रेघाच उरल्या नव्हत्या, सगळा कोळसा. मला वाटलं संपलं. ताईंनी भोंडवेअण्णांना बोलावलं.

"अण्णा, डोळे मिटा. मशीन चालू आहे समजा. पहिल्यांदा काय ऐकू येतं?"

अण्णांनी खरंच डोळे मिटले. "आदी टक्क व्हतं. बारीक. मंग पत्रा सरकतो. मंग येक दम घेतं, आन् मंग ठोका."

"टक्क आणि सरकणं, यात किती वेळ?"

"येक म्हनाया लागतो तेवडा."

"आणि दम?"

"दम मोठा. गुंडाळी सरत आली की आनखी मोठा. पन त्ये कुनी इंजिनेरानं आजपत्तूर मानलं न्हाई."

"मी मानते," ताई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. जळालेल्या कोपऱ्याचा नकाशा असा अण्णांच्या कानातून निघाला. मी तिथे उभा होतो आणि मला माझ्या डिप्लोम्याची थोडी लाज वाटली.

आता राहिल्या होत्या रेघांच्या जागा. त्यासाठी पालथ्या बाजूचा फोटो हवा होता. दुसऱ्या दिवशी मी तो काढला, भोकांमधली अंतरं मापून कळवली, आणि वर शहाणपणा केला. ताईंचं तेवढंच काम वाचेल म्हणून फोटो कॉम्प्युटरवर उलटवून पाठवला. उलटवलाय हे सांगायचं मात्र राहिलं. कार्डावर एक अक्षर छापलेलं नव्हतं, त्यामुळे बघून कळायला मार्ग नव्हता. ताईंनी सवयीप्रमाणे तो पुन्हा उलटवला. वहीतल्या जोडण्यांशी ताडून पाहिलं तर सगळं बरोबरच येणार होतं. आरशातल्या माणसालाही कान दोनच असतात.

इकडे बावीस जणांनी प्लँटहेडच्या केबिनसमोर ठिय्या दिला, तेव्हा ते बाहेर आले आणि म्हणाले, "ठीक है, एक दिन देतो. उद्या फर्स्ट शिफ्ट संपेपर्यंत लाइन चालली तर चालली. नाही चालली तर परवा क्रेन." सगळ्यांसमोर म्हणाले, त्यामुळे मागे घेणं त्यांनाही शक्य नव्हतं.

ताई सकाळी दहाला आल्या. पिशवीतून कार्ड काढलं. भाग बसवलेलं, स्वच्छ, देखणं कार्ड. बावीस माणसं भोवती उभी. ताईंनी ते पॅनेलला टेकवलं आणि वरच्या डाव्या भोकासमोर स्क्रूच नव्हता. तो उजवीकडे होता. त्यांनी कार्ड हातात एकदा फिरवलं आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चुकलंय. उताण्याचं पालथं झालंय. माझी चूक."

कोणाची चूक ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी तोंड उघडलं नाही. प्लँटहेड चार हातांवर उभे होते आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मला त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

"म्हणजे झालं ना मग?" प्लँटहेड म्हणाले. आवाज जवळजवळ प्रेमळ होता.

"किती वाजले?" ताईंनी विचारलं.

"दहा वीस," कोणीतरी म्हणालं.

"शिफ्ट साडेतीनला संपते. मग अजून काही झालेलं नाही."

"अर्ध्या दिवसात नवीन कार्ड आणणार?"

"नवीन कशाला? हेच बसवते."

त्यांनी क्रेट ओढला, सोल्डरिंगची गन तापत ठेवली आणि कार्डावरचा एकूण एक भाग उपसून काढायला घेतला. काय करतायत ते मला बऱ्याच वेळाने उमगलं. रेघा आरशातल्या निघाल्या होत्या, म्हणजे पालथ्या बाजूने बघितल्या तर त्या सरळ होत्या. मग भागही पालथ्या बाजूलाच बसवायचे, तांब्याच्याच अंगाला. कार्ड पोटावर न झोपता पाठीवर झोपेल, एवढंच. पण तसं सोल्डरिंग करणं म्हणजे जीव खाणारं काम. भाग तांब्याला टेकला तर शॉर्ट. म्हणून प्रत्येक भाग भाताच्या शिताएवढा वर धरायचा आणि त्या फटीतून गनचं टोक आत घालायचं. एकोणीस वर्षांचा हात होता म्हणून झालं. अण्णा बॅटरी धरून उभे होते. एकदा त्यांचा हात हलला तर ताई नुसतं म्हणाल्या, "अण्णा," आणि बॅटरी पुन्हा जागेवर आली.

प्लँटहेडनी मध्येच येऊन विचारलं, "आणि यात कोणाचा हात गेला तर? जिम्मेदारी कोण घेणार?"

ताईंनी मान वर केली नाही. "चांगला प्रश्न आहे. हाताची सेफ्टी वेगळ्या कार्डावर आहे, ते मी शिवलेलं नाही आणि शिवणार नाही. हे कार्ड फक्त पत्रा सरकवतं. आता उजेड सोडा."

ते उजेडातून बाजूला झाले. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पावणेदोनला कार्ड पॅनेलमध्ये बसलं, चारी भोकांसमोर चार स्क्रू. वीज दिली. टक्क. पत्रा सरकला. ठोका. पुन्हा टक्क, पुन्हा ठोका. माणसं ओरडायला लागली, पण अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"दम ल्हान हाय," ते म्हणाले.

ताईंनी कार्डावरचा एक इवलासा स्क्रू किंचित फिरवला. "आता?"

"आनखी जरा."

"आता?"

अण्णांनी डोळे उघडले. "आता हाय आपलं मशीन."

प्लँटहेड पॅनेलमध्ये डोकावले. "हे तर उलटं बसवलंय. असं कसं चालेल?"

"कार्ड पालथं आहे, मशीन सरळ चालतंय," ताई म्हणाल्या. "तुम्हाला कार्ड शोकेसमध्ये ठेवायचंय का?"

साडेतीनला भोंगा झाला तेव्हा लाइन चालू होती. सेकंड शिफ्टच्या माणसांनी मशीन न थांबवता ताब्यात घेतलं. क्रेन आली नाही. प्लँटहेडनी शब्द पाळला, पण शोकेस त्यांना लागलं असावं. गेटवरच्या रजिस्टरात सुलभा वाघमारे या नावापुढे लाल शाईने 'प्रवेश नाही' असं लिहिलं गेलं.

चार दिवसांनी मी शेपूट घालून तळवड्याला गेलो आणि फोटोचं सगळं सांगून टाकलं. ताई पाटीला टेप लावत होत्या.

"मला तेव्हाच कळलं होतं. मी एकदाच उलटवलं, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणजे आधी कोणीतरी उलटवलं होतं. आणि तुमचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं."

"मग माझी चूक असं का म्हणालात?"

"पाटी मी कोरली, तपासायची मी. आणि तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचा साहेब तासभर तुमच्याशी भांडला असता. तो तास मला हवा होता." त्यांनी टेपवरून अंगठा दाबून फिरवला. "पण गप्प बसलात ते तुमचं, कदमभाऊ. ते मी माझ्या अंगावर नाही घेणार."

मग त्यांनी मला चहा दिला. त्याच आठवड्यात त्यांनी सरळ निघालेलं दुसरं कार्ड कोरलं आणि मी ते डब्याच्या पिशवीतून आत नेऊन पॅनेलमध्ये ठेवलं. ते वापरायची वेळ आली नाही.

दीड वर्षाने भोंडवेअण्णा निवृत्त झाले, ठरलेल्या तारखेला, त्याच मशीनवरून. कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता आणि अण्णांनी स्वतः देहूरोडला जाऊन ताईंना आमंत्रण दिलं होतं. दुपारी त्या आल्या. सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर उघडून लाल शाई दाखवली. मला वाटलं आता जुंपणार. ताई "बरं" म्हणाल्या आणि बाहेर, कंपाउंडच्या भिंतीला लागून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. परत गेल्या नाहीत. आत भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला, आणि फोटो निघाल्या निघाल्या अण्णा जेवायला न थांबता तडक गेटबाहेर आले. त्यांच्यामागे मी.

"ताई, माज्या पायानं भाईर आलो बगा," अण्णा म्हणाले. "कुनी हाकललं न्हाई." आणि एवढा मोठा माणूस रस्त्यात उभा राहून रडला.

ताईंनी त्यांचा हात धरून ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "मशीन बंद करून आलात?"

"न्हाई. मी हाटलो, दुसरा हुबा ऱ्हायला. ठोका चुकला न्हाई."

तीन नंबरची लाइन त्या भिंतीच्या अगदी पलीकडे होती. रस्त्यावरून ट्रेलर जात होते, त्यांच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येईना. ताईंनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि अनवाणी पाय भिंतीच्या बुडाशी जमिनीवर टेकवला. प्रेसचा ठोका जमिनीतून येतो, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. बाहेर उभं राहून तो कोणी कधी घेतला नव्हता.

सिक्युरिटीवाला आला. "ओ बाई, कंपनीसमोर थांबायचं नाही. साहेबांची गाडी निघतेय."

"कंपनी भिंतीच्या आत आहे. हा रस्ता आहे."

"अहो, पण मला बोलतील ते."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्यासाठी थोड्या नरमल्या. "दहा ठोके मोजते, मग जाते."

त्या मोठ्याने मोजायला लागल्या. तिसऱ्या ठोक्यापासून अण्णाही मोजू लागले, खांद्यावरची शाल सावरत. पुढच्याच आठवड्यात मी नाशिकच्या कंपनीत रुजू झालो. ताईंना पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. साहेबांची गाडी गेटमधून बाहेर आली आणि वळणावर हळू झाली. काच खाली झाली. ताईंनी मान वळवली नाही. आठ झाले, नऊ झाले, दहा झाले. सिक्युरिटीवाला वाट बघत होता. ताईंचा पाय होता तिथेच होता.

"अकरा," ताई म्हणाल्या.